दादाची स्वस्त पेडलं

९ जानेवारी

चि. बारकीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत पार्सल आहे. ते लगेच फोडू नकोस, आधी पत्र वाच. तुझी सवय मला माहीत आहे. लहानपणी तू घड्याळ आधी उघडायचीस आणि वाजले किती ते नंतर विचारायचीस.

फोन का केला नाही म्हणशील. फोनमध्ये अलीकडे दम राहिलेला नाही. माणसं जाड रजईतून बोलल्यासारखी बोलतात. मागच्या वेळी तू वीस मिनिटं काहीतरी सांगत होतीस, मी हं हं करत होतो, आणि शेवटी लक्षात आलं की तू प्रश्न विचारत होतीस. त्यापेक्षा कागद बरा. तीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाचा कागदावर विश्वास बसतो.

आता मुद्दा. आमच्या बँडमध्ये चष्म्याचे दुकानदार ड्रम वाजवतात, गणिताचे सर बेस वाजवतात, दातांच्या डॉक्टरीणबाई गातात आणि गिटार माझ्याकडे, हे तुला ठाऊक आहे. शनिवारी दुपारी आमच्याच पुढच्या खोलीत सराव असतो. एप्रिलमध्ये वाचनालयाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे आणि त्यांनी आम्हाला तासभर वाजवायला बोलावलं आहे. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कोणी आपणहून बोलावलं. आजवर आम्हीच विचारत आलो.

पण ऑक्टोबरपासून माझ्या गिटारच्या आवाजाबद्दल तक्रारी आहेत. सर म्हणतात टोचतो. डॉक्टरीणबाई म्हणतात दातांवर येतो, आणि दातांच्या बाबतीत त्यांचं मत डावलता येत नाही. घरातल्या एका व्यक्तीने तर सगळ्यांच्या देखत असं काही म्हटलं की मी ते इथे लिहीत नाही. त्या व्यक्तीचं नावही घेत नाही. घरात आम्ही दोघंच असतो.

माझा निष्कर्ष असा की पेडल म्हातारं झालं. म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये असते ती साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी, पायाने दाबली की आवाज जाडा, खरबरीत, भरदार होतो ती. माझं चांगल्या कंपनीचं, वीस वर्षं जुनं. तसलंच नवं घ्यायला गेलो तर दुकानदाराने एक स्वस्तातलं दाखवलं. जुन्याच्या किमतीत तसली आठ येतील. घेतलं. घरी येऊन दोन्ही आलटून पालटून वाजवली आणि मला तिळमात्र फरक ऐकू आला नाही.

तेव्हा एकतर महागड्या पेडलवाल्यांनी जगाला इतकी वर्षं टोपी घातली आहे, किंवा या स्वस्तात काहीतरी मेख आहे. तू हॉस्पिटलातली यंत्रं उघडून नीट करतेस, तुला कळेल. दोन्ही पेडलं, ॲडॅप्टरसकट, पाठवतो आहे. उघड, बघ आणि साफ सांग: ही स्वस्त पेडलं घेण्याच्या लायकीची आहेत का?

लोभ आहे तितका राहू दे, वाढल्यास तक्रार नाही.
तुझा,
दादा

२० जानेवारी

ती. दादास,
बारकीचा शि. सा. नमस्कार.

पार्सल मी आधी उघडलं. पत्र नंतर वाचलं. आता रागावून उपयोग नाही.

दोन्ही पेडलं दुपारच्या सुट्टीत टेबलावर घेतली. जुन्याचं पोट उघडल्यावर आतून मेलेलं झुरळ आणि गणिताच्या सरांची असावी अशी एक शर्टाची गुंडी निघाली. नव्याचं आतलं काम बघून मात्र मला आश्चर्य वाटलं. सर्किट जवळजवळ तेच आहे. चिप तीच. सोल्डरचे डाग स्वच्छ दिलेत, आमच्या इथल्या काही महागड्या यंत्रांपेक्षा बरे. काटकसर केली आहे ती पायाने दाबायच्या बटणात आणि वायर खुपसायच्या भोकांत. ती भोकं थेट सर्किटच्या पट्टीवर डकवली आहेत, म्हणजे कोणी वायरीत पाय अडकवला तर पट्टीच तडकेल. बटण दोनेक वर्षं चालेल. दुरूस्ती अवघड नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घ्यायला हरकत नाही. टोपी घातली होती हे बऱ्याच अंशी खरं आहे.

पण दादा, तुझा तो ॲडॅप्टर फेकून दे. तो लावला की मागे सतत सूं असा आवाज येतो आणि त्यावर डासासारखी एक बारीक, टोकदार शिट्टी. मी आमच्या तळघरातल्या कार्यशाळेत एकाचा मागून आणलेला ॲम्प चालू केला, तर वरच्या मजल्यावरची नर्स धावत खाली आली आणि कुठल्या पेशंटचा मॉनिटर ओरडतोय म्हणून विचारायला लागली. तुला एवढ्या दिवसांत हे खटकलं कसं नाही?

आणखी एक. दोन्ही पेडलांवरचं टोनचं बटण उजवीकडे शेवटपर्यंत पिळलेलं आहे आणि हलू नये म्हणून त्यावर छापखान्यातली तपकिरी चिकटपट्टी मारली आहे. एवढा ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, चढवून ठेवल्यावर कोणाच्याही दातांवर येईल. हा उद्योग कोणाचा?

वहिनीला नमस्कार. ती मागच्या महिन्यापासून मला एका ओळीचेसुद्धा निरोप पाठवत नाही. बरी आहे ना?

तुझ्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू नकोस.
तुझी,
बारकी

२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. ‘दुरुस्ती’तला रु ऱ्हस्व. दुरुस्तीच्याच खात्यात नोकरी करणाऱ्या बाईने तो शब्द चुकवावा याचं वाईट वाटलं.

चिकटपट्टी मी लावली. सरावाला आलं की कोणीतरी ते बटण हळूच मागे फिरवतं. माझा चष्मेवाल्यांवर संशय आहे. बटण मागे गेलं की गिटार पोत्यात घालून वाजवल्यासारखी वाटते, म्हणून बंदोबस्त केला.

शिट्टीचं म्हणशील तर तुमच्या तळघरातल्या विजेतच काही खोट असणार. पेडल परत आल्यावर मी त्याच ॲडॅप्टरवर लावलं, ॲम्पला कान टेकवून दहा मिनिटं बसलो. विहिरीत असावी तशी शांतता. तरीही सर म्हणाले की सूं येतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या येतो, म्हणून त्यांच्या समाधानासाठी आणखी एक स्वस्त पेडल आणलं, खास नको तो आवाज मारणारं. त्याने काहीही फरक पडला नाही, कारण मुळात मारायला काही नव्हतं. शिवाय प्रतिध्वनी काढणारं एक घेतलं. म्हणजे आता तीन स्वस्त आणि एक महाग अशी चार पेडलं ओळीने मांडली आहेत. दिसतात छान.

गेल्या शनिवारी सराव संपल्यावर डॉक्टरीणबाई थांबल्या. म्हणाल्या, तुमची भाषा फार सुंदर आहे, एप्रिलच्या कार्यक्रमात तुम्ही निवेदन का करत नाही? मी म्हटलं, करीन की, दोन गाण्यांच्या मध्ये. त्या म्हणाल्या, नाही, म्हणजे फक्त निवेदन. सर त्या वेळी बुटांची नाडी बांधत होते. ती बराच वेळ बांधत होते. मी विचार करून सांगतो म्हटलं. विचार केलेला नाही.

तुझी वहिनी बरी आहे. कमी बोलते. मी काही विचारलं तर म्हणते, सांगितलं ना. कधी सांगितलं ते मात्र सांगत नाही.

पत्राला उशीर झाला तरी लोभाला होऊ नये.
तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
वहिनीचे आशीर्वाद.

हा कागद डेपोतला आहे, मागच्या बाजूला ‘हरवलेल्या वस्तूचे वर्णन’ असं छापलेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. खिडकीवर आज गर्दी नाही. सकाळपासून दोन छत्र्या आणि एक कुबडी जमा झाली. एकच कुबडी बसमध्ये विसरून माणूस उतरला कसा, यावर आम्ही सगळे विचार करतो आहोत.

तुला कळवत नव्हते कारण काय कळवू ते समजत नव्हतं. तुझ्या भावाने माझ्याशी अबोला धरला आहे. आरडाओरडा नाही, ताट ढकलणं नाही. फक्त मी बोलते ते यांच्यापर्यंत जातच नाही. मी काही सांगावं आणि यांनी वर्तमानपत्राचं पान उलटावं. परवा मी म्हटलं, मला ताप आहे. हे म्हणाले, असू दे, उद्या बघू.

दोष माझाच आहे. ऑक्टोबरात सराव चालू होता, मी चहा घेऊन गेले, डोकं दुखत होतं, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून गेले की पत्रा कापल्यासारखं वाजतंय, बंद करा ते. सगळे हसले. हेसुद्धा हसले, पण ते हसणं मला ओळखता येतं. त्यांची नोकरी सुटल्यापासून ती गिटार एवढंच त्यांचं म्हणावं असं उरलं आहे आणि मी त्यावरच पाय दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागितली. तोंडाकडे बघून मागायचा धीर झाला नाही. कपबश्या विसळता विसळता बोलले. म्हटलं, मी तसं म्हणायला नको होतं, तुमचं वाजवणं ऐकूनच तर मी होकार दिला होता. बारकी, लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी हे कधी बोलले नव्हते. यांनी पेपराची घडी घातली, चपला घातल्या आणि पेडल आणायला निघून गेले.

त्यानंतर मी माझ्या बदलीचा अर्ज दिला. दुसऱ्या गावच्या डेपोत जागा आहे, तिथे माझी बहीण राहते. मार्चअखेर उत्तर येईल. यांना अजून सांगितलं नाही. सांगूनही काय होणार आहे.

तू यांच्या बाजूची आहेस हे मला माहीत आहे. तरी तुझाच आधार वाटतो.
तुझी,
वहिनी

१८ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. फार लांबण न लावता विचारते. त्या सकाळी नळ चालू होता का? तुझी पाठ त्याच्याकडे होती का? दारावरची बेल हल्ली कोण ऐकतं? त्याच्या मनगटी घड्याळाचा गजर वाजतो तेव्हा तो स्वतः बंद करतो की तू सांगितल्यावर?

मला एक संशय आहे आणि तो खरा निघाला तर तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही. दादाला एक चाचणी करायला लिहिते आहे, पेडलची म्हणून. तू फक्त तो सांगेल तसं कर आणि जे ऐकू येईल ते प्रामाणिकपणे लिही. त्याच्या तोंडाकडे बघून लिहू नकोस. बदलीचं उत्तर आलं तरी माझं पत्र येईपर्यंत सही करू नकोस, एवढं माझं ऐक.

मी कोणाच्याच बाजूची नाही, पण धाकटी आहे, म्हणून माझं चालवून घ्या.
तुझी,
बारकी

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

आवाज मारणाऱ्या पेडलचा निकाल लावायचा तर रीतसर चाचणी हवी. गिटार बाजूला ठेव. फक्त पेडलं, तो ॲडॅप्टर आणि ॲम्प. आवाज मारणारं पेडल बंद, बाकीची चालू, बटणं आहेत तिथेच. खोलीत तू आणि वहिनी, ॲम्पपासून सारख्याच अंतरावर. पाच मिनिटं बसायचं. जे ऐकू येईल ते दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही, आणि दोन्ही चिठ्ठ्या मला पाठवायच्या. आमच्याकडे यंत्र तपासताना हीच पद्धत असते.

चिठ्ठीत शुद्धलेखनाला गुण नाहीत.

रोष न धरता उत्तर पाठवावं, बाकी माया तुझ्याकडे भरपूर आहेच.
तुझी,
बारकी

१ मार्च

हॉस्पिटल यंत्रदुरुस्ती विभाग यांस,
स. न. वि. वि.

आपल्या सूचनेप्रमाणे चाचणी पार पाडली. चिठ्ठ्यांची नक्कल खाली देत आहे, मूळ माझ्याकडे ठेवल्या आहेत.

माझी चिठ्ठी: काही नाही.

तुझ्या वहिनीची चिठ्ठी: सायकलच्या चाकातून हवा जाते तसा आवाज. त्यात डासाची शिट्टी. दुसऱ्या मिनिटाला कान दुखायला लागले, तिसऱ्या मिनिटाला मी बाहेर गेले.

ती बाहेर गेली ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, तिला माझ्याबरोबर पाच मिनिटंसुद्धा बसवत नाही.

बारकी, मी एवढाही खुळा नाही. तू पेडल तपासत नव्हतीस. मला तपासत होतीस, आणि तेही माझ्याच हातून. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. छापखान्यातल्या मोठ्या मशीनचा एक दात झिजला तरी मी फाटकापाशी ओळखायचो. गिटारच्या सहा तारा रोज सुरात लावतो. माझ्या कानांना काही झालेलं नाही. झालं असतं तर मला कळलं असतं.

या विषयावर पुढे पत्रव्यवहार नको.
आपला,
(सही)

८ मार्च

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

पत्रव्यवहार नको म्हणालास, तरी लिहिते. एवढं एक वाच आणि मग हवं तर फाड.

मी लबाडी केली, हे कबूल. सरळ विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मी गप्प बसले असते. मी कानाची चाचणी घ्यायचं यंत्र वर्षातून दोनदा नीट करते. त्यातून निघणारे आलेख कितीतरी पाहिलेत, आणि मोठ्या आवाजाच्या कारखान्यात काम केलेल्या माणसांचे आलेख सगळे एकसारखे असतात. खालचे जाड सूर शाबूत. ड्रम, मोटार, मशीन, सगळं ऐकू येतं. म्हणून त्या माणसाला वाटतं, आपल्याला सगळं ऐकू येतं. वरचे बारीक सूर मात्र एकेक करून गेलेले असतात. जे गेलं ते गेलेलं ऐकू येत नाही, दादा, त्यामुळे तुला कळलं असतं असं नाही.

तुझ्या भाषेत सांगते. समज, जुळारी ओळ जुळवायला बसला आणि खिळ्यांच्या पेटीत स, श, फ आणि थ यांचे खण रिकामे. ओळ जुळते, लांबीही तीच, पण वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणारा पुटपुटतो आहे. फोन बिघडलेला नाही. आम्ही रजईतून बोलत नाही. आणि बटण उजवीकडे पिळून तू जे शोधतोस, ते तुला मिळेपर्यंत बाकीच्यांच्या कानांची चाळण झालेली असते.

तीस वर्षं तू त्या मशीनशेजारी उभा राहिलास. माझ्या डिप्लोमाची फी त्यातूनच भरली गेली. हे मी कधी बोलले नाही, आज लिहिते आहे, कारण लिहिलेलं तरी तुला नीट पोचतं.

आणि एक. गेल्या चार-पाच महिन्यांत घरात जे काही बोललं गेलं, ते सगळं तू ऐकलं आहेस असं धरून चालू नकोस. याहून जास्त मी सांगणार नाही, ते माझं नाही.

तुमच्या गावच्या हॉस्पिटलात कानांच्या चाचणीची बाई मंगळवारी आणि शुक्रवारी असते. मी तिच्याशी बोलले आहे. ती आवाज चढवत नाही, समोर बघून बोलते. जा.

रागावलास तरी चालेल, तुटू नकोस.
तुझी,
बारकी

२७ मार्च

चि. बारकीस,
वहिनीचे आशीर्वाद.

जाऊन आलो. तुझ्या पत्रानंतर हे नऊ दिवस काही बोलले नाहीत. दहाव्या दिवशी बाहेरचे कपडे घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, मंगळवार आहे ना. एवढंच.

काचेच्या एका खोलीत बसवलं, कानांवर मोठं काहीतरी चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर होते. त्या बाईच्या यंत्रावर आवाज सुटला की दिवा लागायचा, तो मला दिसत होता. सुरुवातीला दिवा लागला की हे बटण दाबायचे. मग दिवा लागायचा आणि हे नुसते बसून राहायचे, शहाण्यासारखे, पुढच्या आवाजाची वाट बघत. दिवा लागत होता, विझत होता. मला बघवेना, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

आलेख त्यांनी स्वतः मागून घेतला. बराच वेळ बघितला. बाईंना म्हणाले, छपाई स्वच्छ आहे. बाहेर आल्यावर बाकावर बसले आणि मला विचारलं की किती दिवस झाले असतील. मी म्हटलं, बाई म्हणाल्या आठ-दहा वर्षं. ते म्हणाले, मग चौदापैकी दहा. मला आधी कळलं नाही कशाबद्दल. ते बँडबद्दल बोलत होते.

कानात घालायची यंत्रं दोन आठवड्यांनी मिळतील. बदलीचं पत्रही आलं आहे, मंजूर म्हणून. मी ते कपाटात ठेवलं आहे, सही केलेली नाही. नळ चालू होता, बारकी. पाठही होती. तू विचारल्यापासून मी रोज तेच आठवते आहे. पण पुन्हा बोलायचं कसं ते समजत नाही. एकदा बोलायलाच मला एकतीस वर्षं लागली होती.

इकडे येऊन जा. घरात आता बोलायला मोठ्याने बोलावं लागतं, त्यात तुझा आवाज उपयोगी पडेल.
तुझी,
वहिनी

२१ एप्रिल

चि. बारकीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण यंत्रं मिळाल्यापासून वेळ पुरत नाही. घर फार आवाज करतं. फ्रिज बोलतो. पायजमा चालताना बोलतो. कागदाला आवाज असतो हे मी विसरलो होतो. तीस वर्षं कागदात काढून विसरलो होतो. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि दचकलो. आपल्या जिन्यावरचा दिवा अखंड गुणगुणतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं का? मग इतकी वर्षं कोणी काही केलं का नाही?

पेडलांविषयी आता अधिकाराने लिहितो. ॲडॅप्टर फेकला. तो मी इतके महिने चालू ठेवला होता, याबद्दल बँडची लेखी माफी मागितली आहे. स्वस्त पेडलांपैकी पहिलं, जाडा आवाज काढणारं, खरंच चांगलं आहे, जुन्यापेक्षा किंचित गोडच. प्रतिध्वनीवालं भिकार. त्यातला प्रतिध्वनी सर्दी झाल्यासारखा परत येतो. आवाज मारणारं दुकानदाराला परत द्यायला गेलो, तो घेईना, तेव्हा त्याच्याच दुकानात खटकणारा एक पंखा दाखवून आलो. म्हणजे तुझं म्हणणं बरोबर: स्वस्त पेडल घ्यायला हरकत नाही, तिनांतलं एक चांगलं निघतं. मात्र निवडताना ऐकू यायला हवं.

चिकटपट्टी काढली. टोनचं बटण मध्यावर आणलं, मग मध्याच्याही अलीकडे. शनिवारी सगळ्यांना नीट ऐकलं. चष्मेवाले फार नाजूक वाजवतात, इतकी वर्षं मला ते नुसते धपाधप वाटायचे. डॉक्टरीणबाई वरच्या पट्टीत गेल्या की केसभर उतरतात. मी काही बोललो नाही. त्यांनी माझा ट्रेबल दहा वर्षं सोसला, मी त्यांचा केसभर सोसू शकतो.

वाचनालयाचा कार्यक्रम परवा झाला. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, नंतर आणखी आणाव्या लागल्या. गिटार मी वाजवली. निवेदनही मीच केलं. शेवटच्या गाण्यात माझा एकट्याचा तुकडा आहे, तो मी जितका हळू वाजवता येईल तितका हळू वाजवला, आणि सभागृहात एकाही खुर्चीची कुरकुर झाली नाही. झाली असती तर मला ऐकू आली असती.

आता एक घरातली गोष्ट. तू लिहिलं होतंस की सगळं माझ्यापर्यंत पोचलंय असं धरू नकोस. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी वहिनी कपबश्या विसळत होती, मी जाऊन नळ बंद केला. म्हटलं, ऑक्टोबरपासून तू मला काय काय सांगितलंस ते सगळं पुन्हा सांग. ती म्हणाली, सगळं आठवत नाही. मी म्हटलं, आठवेल तेवढं. ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. आधी तापाचं सांगितलं. मग गॅसवाल्याचा निरोप. मग बदलीचा कागद कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला. मी वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या दाखवल्या नाहीत. विचारलं, जाणार आहेस का? तिने तो कागद पालथा घातला. शेवटी, तोंडाकडे बघून, ती माफी. माझं वाजवणं ऐकून तिने होकार दिला होता, तेही.

मी जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, माफी परत घे. मी गेल्या आठवड्यात टोनचं बटण पुन्हा उजवीकडे पिळून स्वतः ऐकून पाहिलं. पत्राच कापत होतो.

ती आत निघून गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, बारीक, तुटक तुटक. मला वाटलं रडते आहे. घाबरून गेलो, तर पलंगावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. डोळ्यांत पाणीही होतं, पण हसत होती. हा फरक मला अजून नुसत्या कानांनी ओळखता येत नाही. त्या चाचणीच्या बाई म्हणतात, सवयीने येईल, रोज ऐकत राहा. तेव्हा सध्या मी उठून आत जाऊन बघतो.

सुट्टी काढून ये. फोन केलास तरी चालेल. लोभ करत राहा, आणि जरा समोर बघून कर.
तुझा,
दादा